गोवऱ्यांची खोली

आमच्या आजीचा जीव वाचला तो घरात संडास नव्हता म्हणून. हे वाक्य तिचंच आहे आणि ती ते कुणालाही ऐकवायची. ग्रामसेवकाला, आशाताईला, एकदा तर जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, प्रसादाचं जेवण तिला बाधलेलं. पावणेचारच्या सुमारास जाऊबाईंना सोबतीला उठवून, हातात डबा घेऊन ती ओढ्याच्या अंगाला गेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. पौर्णिमा तोंडावर आलेली, त्यामुळे उजेड होता, पण तिला आधी काही दिसलं नाही. आधी आवाज आला, मग धूळ. त्या धुळीत आमचे आजोबा होते आणि माझी धाकटी आत्या. वडील पोरांबरोबर खळ्यावर झोपले होते, म्हणून तेही राहिले.

मी या घटनेनंतर चार वर्षांनी जन्मलो, नव्या गावात. तेव्हाच्या उमरगा, आताच्या लोहारा तालुक्यातलं गाव. जुनं गाव मला फक्त बाभळींनी भरलेलं दगडांचं रान म्हणून माहीत आहे. नव्या गावातलं आमचं घर सिमेंटचं, आणि घरापासून चार पावलांवर एक सुटी खोली. तीन फूट बाय चार फूट, वर सिमेंटचं छत, आत पांढरं भांडं. या खोलीत आम्ही गोवऱ्या ठेवायचो. भांड्यावर फरशीचा तुकडा, त्यावर गोवऱ्यांची उतरंड, कोपऱ्यात तुरीच्या काड्या. ती खोली संडास आहे हे मला पाचव्या-सहाव्या वर्षी कळलं. तोवर मी तिला गोवऱ्यांची खोली म्हणत होतो, आणि घरातले सगळेही तसंच म्हणत.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यावर एकदा जेवताना हे सांगितलं, तर टेबलावरचे सगळे हसले. एकाने विचारलं, "लोकांना फुकट मिळालं तरी वापरत का नाहीत?" मला उत्तर आलं नाही. त्यानंतर गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी मी हे उत्तर शोधत बसतो. हा लेख म्हणजे त्या शोधात जे सापडलं ते.

सुरुवात भाषेपासून करतो. आमच्याकडे या कामाला ठिकाणाचं नाव आहे, खोलीचं नाही. परसाकडं, रानात, ओढ्याला, बाहेर. खोलीसाठीचे शब्द सगळे बाहेरून आलेले. जुन्या मराठीत शेतखाना असा शब्द आहे. त्याचा शेताशी काही संबंध नाही, तो सेहतखाना या शब्दाचा अपभ्रंश. पण आमच्या जिल्ह्यात शेत हाच खाना असल्यामुळे कुणालाच व्युत्पत्तीची अडचण आली नसावी. संस्थानकाळात मोठ्या वाड्यांतून, गढ्यांतून अशा खोल्या असत. बाकी गाव उघड्यावर. १९०८मध्ये मुसी नदीला पूर आल्यावर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि हैदराबादसाठी भुयारी गटारांची योजना झाली. सातव्या निजामाचं नाव मिळालेल्या आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या वाट्याला मात्र नावच आलं. तेही आता बदललं.

खेड्यात संडास कसा असावा, याचा महाराष्ट्रात पहिल्यांदा गंभीर विचार ज्यांनी केला ते काही इंजिनियर नव्हते. अप्पासाहेब पटवर्धन कोकणातले, गांधींचे अनुयायी. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही, असं तुरुंगाचं म्हणणं. त्यांनी अन्नत्याग सुरू केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरमध्ये येरवड्यात गांधींनीही उपोषण केलं. सरकारला नमावं लागलं. स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब संडासाचे प्रयोग करत राहिले. त्यांचा प्रश्न साधा होता: दुसऱ्या माणसाला मैला उचलावा लागणार नाही असा संडास खेड्यातल्या माणसाला परवडेल का? स्वच्छतेआधी त्यांच्या डोळ्यांपुढे जात होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांच्याच वाटेवर पुढे डॉ. सुहास मापुसकर. १९६०च्या आसपास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. तुकोबांचं गाव, वारीला लाखो माणसं, आणि डॉक्टरसाहेबांसकट सगळे उघड्यावर. त्यांनी लोकांना पटवून संडास बांधून घेतले. ते पहिल्याच पावसात ढासळले, आणि लोक म्हणाले, आता पुन्हा सांगायला येऊ नका. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. माझ्या धंद्यात अशा वेळी माणसं नवीन प्रकल्पावर जातात. मापुसकर देहूतच राहिले. अप्पासाहेबांच्या आराखड्यावर काम करून त्यांनी मैल्यावर चालणारा बायोगॅस उभा केला, मलप्रभा नावाचा, आणि एकेक घर करत गाव बदलायला त्यांना चार दशकं लागली. २०१५मध्ये ते गेले. २०१७मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक गाव, एक माणूस, चाळीस वर्षं. हा हिशेब डोक्यात ठेवून आमच्याकडे परत येऊ.

भूकंपात जुनी घरं का पडली, हे आता शाळेच्या पुस्तकातही असतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचा भार टाकलेलं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि हादरा बसला की सगळा भार आतल्या माणसांवर. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसं गेली. लोक दहा हजार म्हणतात. जागतिक बँकेच्या कर्जावर पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी हलवायची, बाकीच्यांची जागेवरच दुरुस्ती. घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि हेक्टरभर जमिनीपर्यंत अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत चारशे, त्यापुढे साडेसातशे. आम्ही चारशेवाले. देशभरातून संस्था आणि कंपन्या आल्या, गावं वाटून घेतली, आखीव रस्ते टाकले, रांगेत घरं बांधली. आणि त्यात संडास बांधले.

म्हणजे देशातल्या बहुतेक खेड्यांच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकाच्या मध्यातच, सास्तूर-होळी-राजेगावच्या पट्ट्यात संडास आले होते. केंद्र सरकारचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६पासून कागदावर होता, पण आमच्या भागात तो कुणाला दिसलेला नव्हता. जे काम देहूत चाळीस वर्षं चाललं ते आमच्याकडे दोन-तीन वर्षांत, ठेकेदाराकडून. नंतर या पुनर्वसित गावांतून फिरलेल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे की संडास कोठीसारखे वापरले जात होते. सरपण, कडबा, औजारं, गोवऱ्या.

का, याची उत्तरं मी आजीकडून, आईकडून आणि शेजारच्या मावशींकडून गोळा केली. पहिलं उत्तर प्रत्येकीचं एकच: पाणी. नळ म्हणजे खांब उभे, तोटी कोरडी. हापसा दोन गल्ल्या पलीकडे. बाहेर गेलं तर एक डबा पुरतो, संडासात बादली लागते, आणि ती बादली बाईच्याच डोक्यावरून येते. म्हणजे ज्या बाईच्या सोयीसाठी म्हणून तो बांधला, तिचंच काम त्याने वाढवलं.

दुसरं उत्तर द्यायला बायका जरा वेळ घेत. जुनं गाव दाटीचं होतं. बायकांची जागा ओढ्याच्या वळणाला, निवडुंगाआड, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पुरुष तिकडे फिरकत नसत. नवं गाव त्याच्या कितीतरी पट पसरलेलं, सपाट माळावर, झाड नाही, आडोसा नाही. घरं देताना आमची जुनी आळी फुटली, सोबतीच्या बायका चार दिशांना गेल्या. म्हणजे संडास वापरण्याचं कारण नव्या गावात वाढलं होतं, आणि तरीही बायका अंधार पडायची वाट बघत, डांबरी रस्त्याच्या कडेला जात आणि गाडीचा उजेड आला की उठून उभ्या राहत. माझी आई लग्न होऊन १९९५मध्ये इथे आली. तिने जुनं वळण पाहिलेलंच नाही. तिच्या आठवणीत तो उजेडच आहे.

तिसरं उत्तर फक्त आजीचं. "आरं लेकरा, छत पडलेलं बघितलंय म्या. आन् त्याच छताखाली दार लावून बसायचं व्हय?" भूकंपानंतर कित्येक वर्षं माणसं घरात झोपत नव्हती, अंगणात पत्रे टाकून राहत होती. ज्या पिढीला कोंडलेल्या खोलीची दहशत बसली होती, तिला आपण तीन बाय चारची कोंडलेली खोली भेट दिली. हे आराखडा काढणाऱ्याला सुचायला हवं होतं का? मला खात्री नाही. मीही अशा वेळी चूक केली असती. पण कुणी विचारलं असतं, तर आजीने पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

विचारणारे अगदीच नव्हते असं नाही. दुरुस्तीच्या गावांमध्ये प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. त्या घरोघर जाऊन भिंत कशी बांधायची, अनुदान कसं घ्यायचं हे सांगत, आणि लोकांचं म्हणणं वर पोचवत. यातूनच बचत गट, आरोग्य, पाणी, पुढे संडास अशी कामं वाढत गेली. पण ते दुरुस्तीच्या गावांत. आमच्यासारख्या हलवलेल्या गावांना किल्ली हातात मिळाली होती.

२००० साली चित्र बदललं. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्याआधीच्या काही वर्षांत राज्याने अनुदान देऊन लाखो संडास बांधले होते आणि त्यातले निम्मे-अर्धे वापराविना पडले होते. आबांनी उलटं केलं: घराला पैसे नाहीत, गावाला बक्षीस. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी स्पर्धा. पाठोपाठ केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, लोकसंख्येप्रमाणे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. २००५मध्ये पहिले पुरस्कार दिले गेले आणि पुढच्या काही वर्षांत देशात सगळ्यात जास्त निर्मल गावं महाराष्ट्रात झाली.

याच सुमारास बांगलादेशातून एक पद्धत महाराष्ट्रात आली. कमल कार यांनी राजशाहीकडच्या मोसमोइल गावात सुरू केलेली. गावाने स्वतःच आपल्या हागणदारीचा नकाशा रांगोळीने काढायचा, सगळ्यांनी मिळून तिथवर चालत जायचं, माशी तिथून ताटावर कशी येते हे बघायचं. पैसे नाहीत, उपदेश नाही. गावाने आपणहून ठरवावं. हे चालतं याचा पुरावा आहे: २००४मध्ये नगर जिल्ह्यात काही गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून स्वच्छतेची मोहीम राबवली गेली, आणि नंतरच्या अभ्यासात त्या गावांतल्या लहान मुलांची उंची इतर गावांतल्या मुलांपेक्षा जास्त भरली. उंची! मला हे वाचून धक्का बसला होता. आपण संडासाचा संबंध लाजेशी जोडतो. तो पोरांच्या हाडांशी आहे. वारंवार पोट बिघडणाऱ्या पोराने खाल्लेलं अंगी लागत नाही.

पण वरून खाली येताना या पद्धतीतली लाज तेवढी उरली आणि ठरवणं गळून गेलं. गुड मॉर्निंग पथक आलं. पहाटे शिट्ट्या, बॅटऱ्या, डबा हिसकावणं, गुलाबाचं फूल देणं, पोलिसात नेणं. मी तिसरी-चौथीत असेन. शाळेतून आम्हालाही प्रभातफेरीला नेलं होतं, घोषणा देत. रस्त्याच्या कडेच्या झुडपामागे कुणीतरी बाई उठून उभी राहिली, पदर तोंडावर घेतला. पोरं हसली. मीही हसलो. ती आमच्याच गल्लीतली होती हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं, आणि घरी येऊन मी हे कुणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या वर्षी तपासणी समिती येणार म्हणून आमच्या गोवऱ्यांच्या खोलीला रंग दिला. वडिलांनी गोवऱ्या बाहेर काढल्या, भांडं घासलं, दारावर घोषवाक्य लिहून घेतलं. समितीने दार उघडून बघितलं, टिकमार्क केला. संध्याकाळपर्यंत गोवऱ्या परत आत. पावसाचे दिवस होते, भिजल्या असत्या.

मला वाटतं, त्या टिकमार्कमध्ये या विषयाचा अर्धा इतिहास आहे. माझं रोजचं काम डेटाबेसचं, त्यामुळे हा भाग मी जरा सविस्तर सांगणार, कंटाळा आला तर पुढे जा. २०११च्या जनगणनेने घरोघर विचारलं, तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात ३०.७ टक्के घरांत संडास निघाला, ग्रामीण महाराष्ट्रात ३८ टक्के. मंत्रालयाच्या स्वतःच्या नोंदींत मात्र देशातल्या निम्म्याहून जास्त घरांना संडास मिळालेला होता. मधले कोट्यवधी संडास कुठे गेले? काही कागदावरच होते, काही पडले होते, आणि काहींत आमच्यासारख्या गोवऱ्या होत्या. योजना मोजत होती ती दिलेलं. जनगणना मोजत होती ती असलेलं. वापरलेलं दोघीही मोजत नव्हत्या.

म्हणून २०१२मध्ये पायाभूत सर्वेक्षण झालं. प्रत्येक कुटुंबाचं नाव, संडास आहे की नाही. २०१४मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं ते याच यादीवर उभं राहिलं: यादीत "नाही" असलेल्या पात्र घराला बारा हजार रुपये, बांधून झालं की फोटो, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश, आणि रकाना हिरवा. सगळे रकाने हिरवे झाले की गाव हागणदारीमुक्त. यात तांत्रिक गोम अशी की छेद गोठवलेला होता. २०१२नंतर वेगळी झालेली भावंडं, नवी लग्नं, ऊसतोडीला गेल्यामुळे सर्वेक्षणात सुटलेली घरं, ही त्या यादीत नव्हतीच. शंभर टक्के म्हणजे जुन्या यादीचे शंभर टक्के. पुढे सरकारलाच अशा सुटलेल्या घरांसाठी वेगळ्या याद्या काढाव्या लागल्या.

आमच्या घराचं काय झालं ते ओळखता येईल. २०१२मध्ये यादी करायला आलेल्या माणसाने रंगवलेलं दार बघितलं आणि "आहे" लिहिलं. त्याचं चूक म्हणता येत नाही, संडास होताच. काका २०१३मध्ये वेगळे झाले, त्यांचं घर यादीत नाही. म्हणजे गोवऱ्या असलेल्याला मिळाला होता आणि काहीच नसलेला मोजलाच गेला नाही. दोघांनाही बारा हजार नाहीत.

महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८मध्ये हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी उस्मानाबाद देशातल्या आकांक्षित, म्हणजे मागास म्हणायचं नसेल तेव्हा जे म्हणतात त्या, जिल्ह्यांच्या यादीत होता. मी हे अभियान फसलं असं म्हणत नाही. आमच्या गल्लीत आज निम्म्याहून जास्त घरांत संडास खरोखर वापरात आहे, दहा वर्षांपूर्वी एकाही घरात नव्हता. पण तो यादीमुळे वापरात आला नाही.

पाण्याकडे परत येतो, कारण इथे माझं शिक्षण उपयोगी पडलं. २०१५-१६चा दुष्काळ आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो. आमच्याकडे टँकर. टंचाईत ग्रामीण भागात टँकरने पाणी द्यायचं ते माणशी दिवसाला २० लिटर. आम्ही घरात सात, म्हणजे १४० लिटर, टँकर आला तर. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, आणि यादीत नसलेली एक म्हैस. दुकानात मिळणाऱ्या शहरी पद्धतीच्या भांड्याला एका वेळेला पाच-सहा लिटर पाणी लागतं. सात माणसांचं दिवसातून एकदा धरलं तरी चाळीस लिटर. आईच्या भाषेत जवळपास तीन हंडे. कोण आणेल? खरं तर खेड्यासाठी तीव्र उताराचं भांडं बनवलेलं आहे, त्याच्या खालच्या वळणात पाण्याची पातळी फक्त २० मिलिमीटर असते आणि दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. ते आमच्या तालुक्याच्या गावी मला एकाही दुकानात मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, "ते कोण घेतंय साहेब, गिऱ्हाइकाला चकचकीत लागतंय."

आता ते राखून ठेवलेलं वाक्य. दोन खड्ड्यांचा संडास ही फार हुशार रचना आहे. मीटरभर रुंद, मीटरभर खोल असे दोन खड्डे, भिंती जाळीच्या विटांच्या, मध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखी नळी. एक खड्डा पाच माणसांना तीनेक वर्षं पुरतो. भरला की तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातलं कोरडं खत होतं, वास नाही, घाण नाही; खोऱ्याने काढायचं आणि शेतात टाकायचं. आमच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळू-वीटतुकड्यांचा थर द्यावा लागतो, एवढीच काळजी. अप्पासाहेबांच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे: कुणाही दुसऱ्याला हात लावावा लागत नाही.

आणि नेमकं हेच कुणाला नको आहे. दुसऱ्याने हात लावायचा नाही, म्हणजे आपण लावायचा. आमच्या गावात कुणालाही विचारा, त्याला दहा बाय दहाची खोल टाकी हवी आहे, "आमच्या हयातीत भरणार नाही" अशी. लहान खड्डा भरेल, मग उपसणार कोण? हा प्रश्न विचारताना प्रत्येकाच्या मनात उत्तर तयार असतं, आणि ते एका जातीचं नाव असतं. उत्तर भारतातल्या पाच राज्यांत २०१४मध्ये पाहणी झाली, त्यात चालू संडास असलेल्या चाळीस टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस बाहेर जाताना सापडला. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी त्याचं कारण शिवाशिवीत शोधलं. आपल्याकडे तेवढं नाही, असं मराठी माणसाला वाटतं. मलाही वाटायचं. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३मध्येच झाला, आमच्या भूकंपाच्या वर्षी. २०१७मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरले आणि खत हाताने बाहेर काढलं. देशाच्या सचिवाला हे करून दाखवावं लागतं, यातच प्रश्न किती खोल आहे ते आलं.

२०१७मध्ये ताईच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. पाहुण्यांनी पहिल्यांदा हुंड्याआधी संडासाचं विचारलं. वडिलांनी पदरच्या पैशाने घराला लागून नवा बांधला, दोन खड्ड्यांचा, कारण मी फोनवर हट्ट धरला होता. पाणी? त्याच वर्षी बोअरला पाणी लागलं आणि दारात टाकी आली. माझ्या मते आमच्या घरचा संडास त्या बोअरने सुरू केला. अभियानाने घाई केली, ताईच्या लग्नाने निमित्त दिलं, पण बोअर नसता तर आणखी एक गोवऱ्यांची खोली झाली असती.

आजी मात्र बाहेरच जायची. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. पहाटे काठी टेकत माळावर जायची, आई तिच्यामागे. जूनमध्ये चिखलात पडली. मोडलं काही नाही, पण पाय सुजला, आणि डॉक्टरांनी उकिडवं बसू नका सांगितलं. घरात दोन संडास, आणि तिच्यासाठी अंगणात पाटी ठेवायची वेळ आली. ती पाटी आई उचलायची. आजी तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, दिवस दिवस कुणाशी बोलायची नाही. जेवण कमी केलं. का, ते सगळ्यांना कळत होतं.

एका शनिवारी मी आणि गवंडीमामांनी नव्या संडासाचा स्लॅब फोडला. वडील आधी ओरडले, मग स्वतःच घण घेऊन आले. वर पत्रा टाकला, दोन बाजूंनी हातभर मोकळं ठेवून. दार अर्धं कापलं, बसल्यावर आकाश दिसेल इतकं. उमरग्याहून प्लास्टिकची खुर्ची आणली. आजीने आत जाऊन पत्र्याला काठीने खालून ढोसून बघितलं. "ह्यो पडला तर काय हुतंय," ती म्हणाली, "डोस्कं फुटंल, मरायचं न्हाई."

पहिला आठवडा मी बाहेर पाठ करून बसायचो, कारण तिला सोबत लागायची. जाऊबाई कधीच गेल्या होत्या. आतून ती बोलत राहायची, आणि तिथेच मला ओढ्याचं वळण, निवडुंग, कोण कुठे बसायचं, कोणाची सून कुणाबद्दल काय बोलायची, हे सगळं कळलं. या लेखातलं जुनं गाव मी त्या दारापाशी ऐकलेलं आहे.

त्या दिवाळीत पहिला खड्डा उघडला, वर्षभरापूर्वी बंद केलेला. नियमाने अजून सहा महिने थांबायला हवं होतं, पण मला पुण्याला परतायचं होतं. भावकीतलं कुणी आलं नाही. एक जण येऊन गेला तो कुणाला बोलावू का असं विचारायला. कुणाला ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. वडिलांनी आणि मी खोरं मारलं. वरचं काळं, भुसभुशीत, खतासारखंच. तळाला ओल होती, तिथे थांबलो. आई लांब उभी राहून बघत होती, मग पाटी घेऊन आली. सात-आठ पाट्या निघाल्या, त्या बांधाजवळच्या लिंबाला घातल्या.

आजी २०२२च्या हिवाळ्यात गेली. पत्र्याचा संडास आहे, आम्ही सगळे तोच वापरतो. पुनर्वसनातली ती जुनी खोलीही आहे, दारावरचं घोषवाक्य अर्धं पुसलंय. यंदा पावसाच्या आधी आईने तीत गोवऱ्या भरल्या.